कुमुद लेडीज टेलर्सला कोण शोधतंय

कुमुदकाकूंनी माझ्या कीबोर्डावर पांढऱ्या मलमलीची एक लहानशी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "दाबून बघ."

मी दाबली. एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने वाटीसारखी फुगीर, आणि आत काहीतरी सळसळलं. टाचण्या टोचायची उशी असावी असं मला वाटलं, तसं मी बोललेही.

"राळ्याचे दाणे भरलेत आत. त्यावर कापूस," काकू म्हणाल्या. "नुसता कापूस भरला की वजन लागत नाही, ब्लाउज त्या बाजूनं वर चढतो. मग बाई दिवसभर खाली ओढत बसते आणि लोकांचं लक्ष बरोबर तिथंच जातं."

तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. तेव्हा त्यांनी आपल्या छातीच्या उजव्या बाजूवर दोन थापट्या मारल्या, डबा भरलाय का रिकामा ते बघावं इतक्या सहज. "ही खरी नाही. कॅन्सरचं ऑपरेशन झालं माझं, त्याला बरीच वर्षं झाली. हे मीच शिवलंय. तुला कळत होतं का?"

नव्हतं कळत. आणि मी काही कमी निरखणारी बाई नव्हे. आमची आई म्हणायची, प्रणिताला देवानं डोळे दिले ते पुरेनात म्हणून खुपसायला नाक दिलं.

ही गोष्ट मी कराडात स्टँडजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर वेबसाइटी करून देत होते तेव्हाची. त्या वर्षात नेट एकदम स्वस्त झालं होतं. मंगल कार्यालयवाल्यापासून रोपवाटिकेवाल्यापर्यंत ज्याला त्याला वेबसाइट हवी असायची, आणि महिन्याभराने तोच माणूस जिना चढून वर यायचा, गुगलवर आमचं नाव पहिलं का येत नाही म्हणून विचारायला. माझा खरा धंदा तिथून सुरू व्हायचा. लोक शोधताना कोणते शब्द टाकतात ते हुडकायचं आणि तेच शब्द पानावर बेतानं बसवायचे. मला हे काम मनापासून आवडायचं, कारण मुळात ते दुसऱ्याच्या घरात डोकावणंच आहे. सख्ख्या भावाला जे सांगणार नाही ते माणूस त्या चौकोनात बिनदिक्कत लिहितो.

काकूंचं दुकान शनिवार पेठेत, घराच्या पुढच्या खोलीत. दोन मशीनं, साधे ब्लाउज, फॉल-पिको, आणि हे एक खास काम. पूर्वी एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन झालेल्या बायकांना काकूंचा पत्ता द्यायच्या. त्या निवृत्त होऊन मुलीकडे परदेशात गेल्या आणि बायका यायच्या थांबल्या. कित्येक महिने एकही आली नव्हती. तेवढ्यात शाळेच्या गणवेशाचा एक ठेकेदार मागे लागला होता. दोन्ही मशीनं आणि ती खोली त्याच्या कामाला द्यायची, वर्षभर कामाची चिंता नको. दसऱ्याला त्याला हो का नाही ते सांगायचं होतं. एकदा हो म्हटलं की राळ्याच्या पिशव्या बंद.

"बायका नाहीत असं कसं होईल?" काकू म्हणाल्या. "आजार काय डॉक्टरीणबाईंबरोबर विमानात बसून गेला का? बायका आहेत. त्यांना मी सापडत नाही. मला त्यांना सापडव."

त्यांच्या भाच्याने करून दिलेली एक वेबसाइट होती. मी उघडून पाहिली. गुलाबी पान, फुलपाखरं, आणि वर लिहिलेलं: आत्मविश्वासाला सौंदर्याची जोड, सुबक शिवण. ऑपरेशनचा शब्द नाही, आजाराचा नाही, नेमकं काय शिवून मिळतं तेही नाही. त्या पोराचीही चूक नव्हती. आमच्याकडे या दुखण्याचं नाव कोणी घेत नाही. फार तर 'तिला ते निघालंय' म्हणतात आणि आवाज खाली आणतात.

मी आधी पुस्तकी उपाय केला. डॉक्टर लोक जो इंग्रजी शब्द वापरतात तो टाकून पाहिला. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात तो कोणी लिहीत नव्हतं. मग 'ऑपरेशननंतरचा ब्लाउज' टाकून पाहिलं, तर तिथेही शुकशुकाट. मग मी माझा आवडता उद्योग केला. अर्धं वाक्य लिहून थांबायचं आणि यंत्र ते कसं पुरं करतं ते बघायचं. पूर्वी पुष्कळ लोकांनी तसंच लिहिलेलं असतं म्हणून ते पुरं करतं. 'ऑपरेशननंतर' एवढंच लिहिलं, तर खाली आलं भात खावा का, जिना चढावा का, टाके कधी विरघळतात. ब्लाउजचं नाव कुठे नाही.

मी हे काकूंना जाऊन सांगितलं. माझी जरा तक्रारच होती, की तुमच्या बायका विचारतच नाहीत तर मी काय करू. काकू सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर न करता मला गप्प केलं.

"कशा विचारतील? असं काही मिळतं हेच कुणाला ठाऊक नाही. मला तरी कुठं होतं? ठाऊक असतं तर शिवत बसले असते का?"

इतकी साधी गोष्ट, पण माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्याला वस्तूच माहीत नाही तो तिच्या नावाने शोधणार कसा? तो आपलं दुखणंच लिहिणार. मग मी काकूंना म्हटलं, तुमचं दुखणं सांगा, तुमच्याच शब्दांत, मी फोनवर रेकॉर्ड करते. त्या आधी तयार होईनात. जुनं उगाळून कुणाचं भलं झालंय, म्हणाल्या. पण पाय मशीनवर होते, हातात कापड होतं, बोलता बोलता त्या सुरू झाल्या. लग्नकार्याला जाणं सोडलं. आरशाकडे पाठ करून साडी नेसायची. पदर दोन्ही खांद्यांवरून. हळदीकुंकवाला गेलं तरी वाकायला नको म्हणून दारातूनच परत. बहिणीने एकदा मिठी मारली, तर तिलाच ढकलून दिलं.

"आणि काका?" मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

दिनकरकाका आतल्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. एसटीत नोकरी करून निवृत्त झालेले. इतका कमी बोलणारा माणूस मी पाहिला नाही. पहिले काही दिवस मला वाटत होतं त्यांना ऐकू कमी येतं.

"ह्यांनी काय?" काकू म्हणाल्या, आणि आत ऐकू जाईल याची फिकीर केली नाही. "औषधं आणली, डबे आणले, कोल्हापूरला खेटे घातले. त्यात कसूर केली नाही. पण या बाबतीत एका शब्दानं विचारलं नाही कधी. पुरुषांना काय त्याचं? जीव वाचला ना, संपलं."

आत शेंगा सोलल्याचा आवाज चालू होता.

काकूंचं सगळं बोलणं मी जसंच्या तसं पानावर चढवलं. फुलपाखरं काढली. नवऱ्याबद्दलचं तेवढं वगळलं, घरातलं घरात राहू दे म्हणून. मथळ्यात त्यांचीच वाक्यं घातली. खाली त्या काय शिवून देतात ते सरळ लिहिलं, आणि सगळ्यात शेवटी फोन नंबर, बोट लावलं की लागेल असा.

आणि पान चालायला लागलं. आधी थेंबाथेंबाने, मग बरं चालायला लागलं. माणसं येत होती. नुसती येऊन जात नव्हती, थांबत होती. एरवी मंगल कार्यालयाच्या पानावर लोक आले की फोटो बघून पळतात. इथे शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते आणि नंबरावर बोट लावत होते. हे सगळं मला बसल्या जागी दिसतं. मला इतका आनंद झाला की मी कंदी पेढे घेऊन दुकानात गेले.

"कशाचे?" काकूंनी विचारलं.

"फोन येतायत ना आता?"

"कुठले फोन? एक बाई नाही आली."

मी पेढ्यांचा पुडा तसाच धरून उभी राहिले. नंबर चुकला असेल म्हणून ताडून पाहिला, बरोबर होता. माझ्या फोनवरून लावला, काकूंनी उचलला, छान बोलल्या. मग ही माणसं बोट लावतात आणि जातात कुठे? जेवताना डोक्यात तेच, गाडी चालवताना तेच. घट बसले, माळा चढत गेल्या, दसरा जवळ आला. काकू मला काही बोलल्या नाहीत, पण गणवेशाच्या निळ्या कापडाचा एक तागा नमुन्यादाखल दुकानात येऊन पडला होता. शेवटी मी ठरवलं, आपण दुकानात जाऊन ठिय्या द्यायचा आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मशीनांची पूजा असते, म्हणून काकू त्यांचे सांधे पुसून तेल घालत होत्या. मी ताग्यावरच बसले. थोड्या वेळाने फोन वाजला. काकूंनी बोट फडक्याला पुसलं, फोन कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि बंद केला.

"कोण?"

"राँग नंबर."

पुन्हा वाजला. पुन्हा तेच, या वेळी तर 'हॅलो'सुद्धा नाही. माझी उत्सुकता आता काही ऐकायला तयार नव्हती. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा काकू चिडल्या आणि एकदाचं सांगून टाकलं. वेबसाइट नवी झाली तेव्हा पहिलाच फोन एका मेल्याचा आला होता. त्याने असं काही विचारलं की त्यांना चूळ भरावीशी वाटली. तेव्हापासून पुरुषाचा आवाज आला की फोन बंद.

"रोज दोनचार असतातच. त्या पानावर नको ते लिहिलंस त्याची ही फळं."

"पण बाकीचे बोलतात काय?"

"काय बोलणार? 'कुमुद लेडीज टेलर का' म्हणतात आणि गप्प. नुसता श्वास ऐकू येतो. सभ्य पुरुष बाईमाणसाच्या शिवणाच्या दुकानात कशाला फोन करेल?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे नवरा बायकोचा ब्लाउज न्यायला आलाच, तर रस्त्यापलीकडे उभा राहतो आणि दुकानदारीण ब्लाउज कागदात गुंडाळून पायरीवर ठेवते. कुठलीच लेडीज टेलरीण पुरुषाशी मापाचं बोलत नाही. तसा रिवाजच नाही.

पण माझ्या मनात काहीतरी खटकलं. मी फोन काढला आणि तो तक्ता उघडला, ज्यात लोक काय लिहून आपल्या पानापर्यंत पोचले ते दिसतं. मी तो रोज बघत होते. त्यातली निम्मी वाक्यं मला वाट चुकून आलेली वाटायची. दुकानाशी त्यांचा काही संबंधच लागत नसे. आता मी ती मोठ्याने वाचली.

ऑपरेशन झाल्यापासून बायको आरशात बघत नाही.

बायको लग्नाला येत नाही म्हणते काय करावे.

आई पदर दोन्ही खांद्यावर घेते कोणाला भेटत नाही.

छातीचे ऑपरेशन बायकोला कसे समजवावे.

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. "परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. एकाही बाईने स्वतःबद्दल लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे बायको, सगळीकडे आई. बाई बिचारी भिंतीकडे तोंड करून निजलेली, तिला काही शोधायची इच्छाच उरलेली नव्हती. शोधत होता तिचा माणूस, ओट्यावर जाऊन, खिशातला फोन काढून, कारण विचारायला त्याला दुसरं कोणी नव्हतं. आणि वाचून वाचून धीर करून फोन लावला की आमच्याकडून तो बंद होत होता.

"मगाचचा नंबर लावा," मी म्हटलं.

"तू लाव. तूच बोल."

मी काकूंच्या फोनवरून लावला आणि आवाज बाहेर येईल असा करून फोन मशीनवर ठेवला. लगेच उचलला गेला.

"कुमुद लेडीज टेलर्समधून बोलतेय. मगाशी आपला फोन आला होता."

पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास, काकू म्हणाल्या होत्या तसाच. काकूंनी माझ्याकडे बघितलं, बघ म्हणून. मी थांबले.

"ताई, ठिवू नका," तो म्हणाला. "लई दिवस लावतोय."

मी म्हटलं नाही ठेवत, बोला. तो मल्हारपेठेकडचा होता. आमच्या मंडळींचं ऑपरेशन झालंय, एवढं म्हणाला आणि पुन्हा अडखळला. तुम्हाला नक्की काय हवंय, असं मी विचारलं, तर म्हणाला, तेच तर ठाऊक नाही. त्याने पानावरचं वाचलं होतं, बऱ्याचदा वाचलं होतं.

"त्या बाईंचं हाय ना, आमच्या मंडळींचं अगदी तसंच हाय. दिवाळीनंतर तिच्या धाकट्या बहिणीचं लगीन हाय. लेकीगत वाढवलीया तिनं. आन आता मी न्हाई येत म्हणतीया. म्हटलं, त्या बाई फुडं कधी लग्नाला जायला लागल्या का, तेवढंच इचारावं."

मी काही बोलणार तोच काकूंनी फोन उचलून तोंडाशी धरला.

"जायला लागले," त्या म्हणाल्या. "मीच ती. नेसून, नटून जाते. पुढं बसते." कधी कुठल्या पुरुषाला विचारलं नव्हतं ते त्यांना विचारायचं होतं. "डावी का उजवी?"

मग "डावी" असं ऐकू आलं, आणि तो एवढा बाप्या माणूस रडायला लागला. दिवसरात्र मनात घोळत असलेली गोष्ट त्याला पहिल्यांदाच कोणीतरी सरळ विचारली होती.

काकूंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, माप ठाऊक आहे का. त्याला नव्हतं. ती कपड्याला हात लावू देत नाही, म्हणाला.

"असू दे. तिला काही विचारू नका. तिचा आधीचा, अंगासरसा बसणारा ब्लाउज असेल, तो पिशवीत घाला आणि तुम्ही या. आत या, खुर्चीवर बसा. रस्त्यावर उभं राहायचं नाही."

फोन ठेवून काकूंनी तेलाचं फडकं पुन्हा हातात घेतलं. आतल्या दारात दिनकरकाका उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. काकूंनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "तुम्हाला वाटलं होतं का हो कधी, असं कुणालातरी विचारावं?"

अशा वेळी उठून जावं हे मला कळत होतं. पण मी उठले नाही.

"विचारलं होतं," काका म्हणाले.

काकूंनी मान वळवली.

"सांगलीला ड्यूटी लागली होती तेव्हा. शिवणाच्या दोन दुकानांत गेलो. एकीनं ऐकून घेतलं नाही. दुसरीला वाटलं मी चावटपणा करतोय. तिनं शेजारच्या दुकानातली माणसं बोलावली."

"मग?"

"मग काय. अंगावर एसटीचा गणवेश होता म्हणून हात नाही टाकला कुणी. चारचौघांत बोलले मात्र पुष्कळ."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"हात हलवत आलो होतो," काका म्हणाले. "काय सांगायचं होतं?"

काकूंना रडू आलं. आवाज न करता त्या रडत राहिल्या, आणि काका तसेच दारात उभे राहिले, कारण पुढे येऊन काय करायचं हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून या बाईला वाटत होतं की नवऱ्याला काही वाटलंच नाही.

मग काकूंनी पदराने डोळे कोरडे केले आणि मला विचारलं, आधी बंद केलेल्या फोनांचे नंबर यात सापडतील का. मी दाखवले. कितीतरी होते, वर सरकवत न्यावे तितके. मग त्या उठल्या, मी बसले होते त्या निळ्या ताग्यावरून मला उठवलं आणि तो उचलून दारामागे नेऊन ठेवला. ठेकेदाराचा माणूस आला की परत द्यायला, म्हणाल्या. परत येऊन त्यांनी एक खुर्ची मशीनशेजारी ओढली.

"इथं बसा," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही बोला आधी. बाईचा आवाज ऐकला की ते गप्प होतील."

गिऱ्हाइकांच्या वेळेला काका त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. ते आले, खुर्चीच्या टोकावर बसले. काकूंनी एक नंबर दाबून फोन त्यांच्या हातात दिला. घंटी वाजत राहिली, मग कोणीतरी उचलला. काकांनी घसा खाकरला.

"नमस्कार. कुमुद लेडीज टेलर्समधनं दिनकर माळवदे बोलतोय. मागं आपला फोन आला होता, तो आमच्याकडनं बंद झाला. माझ्याही बायकोचं ऑपरेशन झालेलं आहे. बोला, मी ऐकतोय."